स्कॉटलंडमध्ये नवीन आलात? हॅगिस, किपर, ब्लॅक पुडिंग खायला सुरुवात कुठून करायची

दर सप्टेंबरला एडिनबरा, ग्लासगो, ॲबर्डीनला आपली बरीच मुलं शिकायला येतात, नोकरीसाठी येणारी कुटुंबंही असतात, आणि पहिल्या आठवड्यातच कुणीतरी हौसेने त्यांच्यासमोर हॅगिस, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा इथला पदार्थ, ठेवतं. ते बहुतेक वेळा कुठल्यातरी कार्यक्रमातलं, कोमट झालेलं, कडा वाळलेलं असतं. एक घास खाल्ला की तोंड वाकडं होतं आणि मग तीन-चार वर्षं ती व्यक्ती पुन्हा त्या वाटेला जात नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण इथलं जुनं खाणं खरंच चांगलं आहे. थंडी, ओट, मेंढ्या आणि समुद्र यांच्या जोरावर जगलेल्या लोकांचं ते खाणं आहे, त्यात काहीही वाया घालवलेलं नाही. बिनसतं ते क्रमात. आधी सोपं, मग किपरसारखे धुराचे मासे, मग काळीज-फुप्फुसाचं हॅगिस, मग रक्ताचं ब्लॅक पुडिंग असं गेलात तर जीभ आपोआप तयार होते, आणि नाहीच आवडलं तरी निदान नीट बनवलेलं खाऊन नाही म्हणाल. मी इथे बरीच वर्षं राहते आहे आणि नवीन येणाऱ्यांना जे तोंडी सांगत असते तेच सगळं एकदाचं लिहून काढलं आहे.

१. आधी आपली रेघ कुठे आहे ते ठरवा

तुम्ही बीफ खाता का, डुकराचं चालतं का, की पूर्ण शाकाहारी आहात, हे स्वतःशी स्पष्ट असू द्या, कारण इथे चरबी कुठल्याकुठे लपलेली असते. यूकेमध्ये हॉटेलवाल्यांना १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावीच लागते, त्यामुळे पुष्कळ जण ॲलर्जीचा तक्ता बघतात आणि निर्धास्त होतात. पण त्या १४ मध्ये दूध, अंडं, मासे, सेलरी, मोहरी असं असतं, बीफ आणि पोर्क त्यात येतच नाहीत. म्हणजे तक्ता स्वच्छ दिसला तरी पदार्थात गाईची चरबी असू शकते. तोंडाने विचारायचं, इथे कुणालाही त्याचा राग येत नाही.

हे शब्द लक्षात ठेवा:

- सुएट: गुराच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. हॅगिस, ब्लॅक पुडिंग, व्हाइट पुडिंग, क्लूटी डंपलिंग या सगळ्यात असते. पाकिटावर 'व्हेजिटेबल सुएट' असेल तर ते वनस्पती तेलाचं.
- ड्रिपिंग: वितळवलेली गुराची चरबी. बऱ्याच चिप्सच्या दुकानांत तळण यातच होतं.
- लार्ड: डुकराची चरबी. ॲबर्डीनची बटरी (तिला रोवी पण म्हणतात) हा चपटा खारट पाव आहे, नावात बटर असलं तरी पारंपरिक पद्धतीत लार्ड असतं.
- मिन्स: नुसतं मिन्स म्हटलं की बीफ. मिन्स अँड टॅटीज म्हणजे बीफचा खिमा आणि बटाटे.
- लेंटिल सूप: हा सगळ्यात मोठा सापळा. दिसायला मसुराच्या डाळीचं साधं सूप, पण जुन्या पद्धतीत ते हॅमच्या हाडावर शिजवतात. शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय पिऊ नका.

२. काय काय जवळ असावं

फार काही लागत नाही. फॉइल, एक खोलगट ओव्हनचं भांडं, एक उंच जग (किपरसाठी, खाली सांगते), बटाटे कुस्करायचा मॅशर. पॉरिज आवडायला लागलं तर स्पर्टल घ्या, ही ढवळायची गोल लाकडी काठी, सपाट चमच्यापेक्षा हिने गुठळ्या कमी होतात. व्हिस्की विकत घ्यायची असेल तर पासपोर्ट किंवा यूकेचं ड्रायव्हिंग लायसन्स, प्रोव्हिजनलही चालतं. वय १८ पूर्ण लागतं, पण पंचविशीच्या आतले दिसत असाल तर काउंटरवर ओळखपत्र मागतातच. आणि दुकानात दारू फक्त सकाळी १० ते रात्री १० या वेळेत मिळते, सव्वादहाला गेलात तर कितीही विनवण्या केल्या तरी देणार नाहीत, तो कायदा आहे.

३. पहिले काही आठवडे: ओट आणि बटाटा

सुरुवात पॉरिजने करा, पण झटपट पाकिटातल्याने नको. मीडियम ओटमील किंवा पिनहेड ओटमील आणा, पिनहेड म्हणजे फक्त तुकडे केलेला दाणा, तो रात्रभर भिजत घालायचा. सकाळी पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवायचा आणि शेवटाकडे मीठ घालायचं. हो, मीठ. इथल्या जुन्या पद्धतीत साखर नाही, आणि गार दूध किंवा क्रीम वेगळ्या वाटीत घेऊन गरम पॉरिजचा चमचा त्यात बुडवून खायचा. गरम-गार असं एकाच घासात लागतं ते फार छान असतं. कॅरब्रिज नावाच्या हायलँड्समधल्या छोट्या गावात १९९४ पासून पॉरिज बनवायची जागतिक स्पर्धा होते, तिचं बक्षीस सोनेरी स्पर्टल, आणि मुख्य फेरीत फक्त ओटमील, पाणी, मीठ एवढंच वापरायचं. यावरून कळेल लोक हे किती मनापासून घेतात.

टॅटी स्कोन तर कुणालाही आवडतो. उकडलेला बटाटा, थोडा मैदा, लोणी, मीठ, आणि तव्यावर भाजलेली पातळ त्रिकोणी पोळी. शाकाहारी लोकांनो, हा तुमचा पहिला मित्र. ओटकेकवर क्रावडी नावाचं मऊ आंबटसर चीज लावून खा. मॅकरोनी पाय पण आहे, म्हणजे कडक पारीत चीज-मॅकरोनी, बेकरीत गरम मिळते, थंडीत भूक लागली की जीव शांत होतो.

स्कॉच पाय मात्र बघून घ्या. मूळची ती मटणाची, काळी मिरी घातलेली, पण आता अनेक ठिकाणी बीफची असते.

४. धुराचे मासे

मला स्वतःला इथलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर हे. आणि सुके बोंबील, सुकट खाऊन वाढलेल्या माणसाला तर इथे काहीच शिकावं लागत नाही, तोच खमंग खारट वास वेगळ्या माशात भेटतो.

एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर कच्चा मासा खाल. धूर दोन तऱ्हेचा असतो. गरम धुरात मासा शिजून निघतो, तो तसाच खाता येतो. गार धुरात मासा फक्त वाळतो आणि मुरतो, तो घरी शिजवावा लागतो. आर्ब्रोथ स्मोकी गरम धुराचा. फिनन हॅडी, साधा स्मोक्ड हॅडक आणि किपर गार धुराचे.

आर्ब्रोथ स्मोकी म्हणजे हॅडक मासा. डोकं काढून, खारवून, दोन-दोन मासे शेपटीला सुतळीने बांधून काठीवर टांगतात आणि खाली कडक लाकडाची आग करून वरून ओली गोणपाटं टाकून धूर कोंडतात. २००४ पासून या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, आर्ब्रोथच्या आसपास बनलेल्यालाच स्मोकी म्हणता येतं. शक्य असेल तर आर्ब्रोथलाच जा, डंडीहून ट्रेनने जवळ आहे, बंदराजवळच्या दुकानांत नुकताच उतरवलेला मासा कागदात गुंडाळून देतात. उघडायची पद्धत अशी: मासा पोटावर पालथा ठेवा, पाठीवरून अंगठ्याने हलकेच दाबत जा, मग उघडा आणि मधला काटा शेपटीकडून धरून वर उचला. गरम असेल तर अख्खा काटा एका ओढीत येतो आणि तांबूस कातडीवर पांढऱ्या जाड पाकळ्या राहतात, कडेला धुराचा मधासारखा रंग चढलेला. गार मासा असा सुटत नाही, फॉइलमध्ये लोणी घालून ओव्हनमध्ये गरम करून घ्या. बारीक काटे राहतात, लहान मुलांना देताना बोटाने चाचपून द्या.

कलन स्किंक हे सूप मोरे किनाऱ्यावरच्या कलन गावचं. साहित्य: अर्धा किलो स्मोक्ड हॅडक, अर्धा लिटर दूध, तीन बटाटे, एक मोठा कांदा, लोणी, मिरी. कांदा लोण्यात मऊ करायचा, लाल नाही करायचा. बटाट्याच्या फोडी आणि त्या बुडतील एवढं पाणी घालून शिजवायचं. दुसऱ्या भांड्यात मासा दुधात हळू उकळायचा, काढून कातडी-काटे काढायचे, मग दूध बटाट्यात ओतायचं, थोडे बटाटे तिथेच कुस्करायचे म्हणजे दाटपणा येतो, शेवटी मासा घालायचा. मीठ चव बघूनच, मासा आधीच खारट असतो. मासा घेताना पिवळाजर्द नको, तो रंग लावलेला असतो, फिकट मातकट रंगाचा 'अनडाइड' मागा.

आपल्यातल्या पुष्कळ घरांत दूध आणि मासे एकत्र खायचे नाहीत असं शिकवलेलं असतं. इथे लोक पिढ्यानपिढ्या खात आले आहेत. पण तुमच्या मनाला पटत नसेल तर ओढून-ताणून खाऊ नका, मन आक्रसलं की घास उतरत नाही, त्यापेक्षा स्मोकी खा.

किपर म्हणजे उभा चिरून गार धुरात ठेवलेला हेरिंग. तेलकट, तीव्र वासाचा, आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये तळलात तर पडद्यांना दोन दिवस वास राहतो. शिवाय इथे घरोघरी एकमेकांना जोडलेले अलार्म असतात, स्वयंपाकघरात एक वाजला की सगळे वाजतात. म्हणून उंच जगची पद्धत वापरा: किपर शेपटी वर करून उंच जगमध्ये उभा ठेवा, वरून उकळतं पाणी ओता, सात-आठ मिनिटं झाकून ठेवा, निथळून लोणी आणि लिंबू. वास नाही, धूर नाही, मासा रसरशीत.

५. हॅगिस

आता मुख्य गोष्ट. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, हृदय आणि फुप्फुस शिजवून बारीक करायचं, त्यात ओटमील, सुएट, कांदा, मिरी, जायफळ वगैरे मसाला घालून मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरायचं. आता बहुतेक कृत्रिम आवरणात येतं. घरी वजडी, कलेजी खाल्ली जात असेल तर चवीला तुम्ही आधीच तयार आहात, फरक एवढाच की इथे मसाला म्हणजे मुख्यतः मिरी. बीफ न खाणाऱ्यांनी पाकीट वाचाच, मेंढीचं म्हणून विकलेल्या हॅगिसमध्येही सुएट बरेचदा गुराची असते. खाटकाकडून घेत असाल तर सरळ विचारा, 'इज देअर बीफ फॅट इन इट?' हलाल हॅगिससुद्धा बनतं, पाहिजे असेल तर हलाल खाटकाकडे चौकशी करा.

पायऱ्या अशा घ्या:

पहिली पायरी, हॅगिस पकोडा किंवा हॅगिस बॉनबॉन. पकोडा ही ग्लासगो-एडिनबराच्या देशी रेस्टॉरंटांची देणगी, बेसनात बुडवून तळलेलं हॅगिस आणि सोबत चटणी. बॉनबॉन म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेले गोळे, पबमध्ये मिळतात. बाहेर कुरकुरीत असल्यामुळे आतला मऊ रवाळपणा खटकत नाही. नव्या माणसाला मी नेहमी इथूनच सुरुवात करायला लावते.

दुसरी पायरी, चिकन बॅलमोरल, म्हणजे चिकनमध्ये हॅगिस भरून वर सॉस. यात बाहेरून बेकन गुंडाळलेलं असतं, पोर्क नको असेल तर आधीच सांगा.

तिसरी पायरी, खरं ताट: हॅगिस, नीप्स आणि टॅटीज. नीप्स म्हणजे इथे स्वीड नावाचा केशरी-पिवळा कंद, पांढरा सलगम नाही, सुपरमार्केटमध्ये चुकून वेगळंच उचलू नका. दोन्ही वेगवेगळे उकडून, लोणी आणि भरपूर मिरी घालून कुस्करायचे. विकत आणलेलं हॅगिस आधीच शिजलेलं असतं, तुम्हाला फक्त आतपर्यंत कडकडीत गरम करायचं आहे. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, भांड्यात बोटभर पाणी घाला, १८० अंशावर पाकिटावर लिहिलेला वेळ ठेवा, साधारण पाऊण ते एक तास. खळखळत्या पाण्यात उकळू नका, पिशवी फुटते आणि सगळं पाण्यात जातं. घाई असेल तर आवरण काढून, तुकडे करून मायक्रोवेव्ह, मध्ये एकदा ढवळून.

सुरी लावल्यावर बघा, पिशवी ताणलेली असते ती फटकन उघडते, आतलं तपकिरी दाणेदार सारण स्वतःहून बाहेर येतं आणि वाफेबरोबर मिरीचा वास. तो क्षण गाठायचा. दहा मिनिटांनी चरबी थिजायला लागते आणि तोंडात मेणचट लागतं, पहिल्यांदाच न आवडण्याचं निम्मं कारण हेच असतं. ताटं आधी गरम करून ठेवा आणि सगळे बसल्यावरच कापा. उरलेलं दुसऱ्या दिवशी तव्यावर पसरून खालून खरपूस होऊ द्या, वर अंडं, मला ते पहिल्या दिवसापेक्षा जास्त आवडतं.

शाकाहारींसाठी: एडिनबराच्या मॅकस्वीन या हॅगिस बनवणाऱ्या कंपनीने १९८४ मध्ये स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनासाठी शाकाहारी हॅगिस बनवलं, आणि आता ते सुपरमार्केटमध्येही सहज मिळतं. डाळी, घेवडा, गाजर, ओट, बिया. हे नावापुरतं नाही, मांसाहारी लोकही आवडीने घेतात. कांदा असतो, त्यामुळे जैन असाल तर चालणार नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या, तिथे खाण्यात फुप्फुस वापरायला १९७१ पासून बंदी आहे.

६. ब्लॅक पुडिंग आणि सकाळचं ताट

रक्त, ओटमील, सुएट, कांदा. आपल्याकडे रक्ती खाणाऱ्या घरांना नवल नाही, बाकीच्यांनी हे हॅगिसनंतरच घ्या. रक्त साधारण डुकराचं असतं आणि चरबी बहुधा गुराची, म्हणजे दोन्ही रेघा एकदम. सुपरमार्केटचं मऊ, पिठूळ असतं, त्यावरून मत बनवू नका. लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेचं घ्या, २०१३ पासून त्या नावालाही संरक्षण आहे, ओट दाताखाली येतात. बोटाच्या जाडीच्या चकत्या, मध्यम आचेवर, दोन्ही बाजूंनी कडा कुरकुरीत होईपर्यंत. सोबत काहीतरी आंबट किंवा गोड हवंच, सफरचंदाची फोड किंवा टोमॅटो.

फुल स्कॉटिश ब्रेकफास्टमध्ये बेकन, अंडं, बीन्स, टॅटी स्कोन, ब्लॅक पुडिंग, कधी हॅगिसची चकती आणि चौकोनी लॉर्न सॉसेज (हेही बहुधा बीफचं) असतं. एकट्याने अख्खं मागवू नका, दोघांत घ्या.

७. चिपी, म्हणजे मासे आणि चिप्सचं दुकान

'फिश सपर' म्हणजे मासा आणि चिप्स, नुसतं 'फिश' म्हटलं तर चिप्स येणार नाहीत. 'हॅगिस सपर' सुद्धा मिळतं. एडिनबरात विचारतील 'सॉल्ट अँड सॉस?', हा सॉस तपकिरी, पातळ, व्हिनेगरचा आंबट. ग्लासगोत मीठ आणि व्हिनेगर. दोन्ही शहरांचे लोक यावरून तावातावाने भांडतात, तुम्ही दोन्ही खाऊन बघा. आणि शाकाहारींनी चिप्स घेण्याआधी विचारायचं: तेल की ड्रिपिंग? नुसते बटाटे आहेत म्हणून गृहीत धरू नका.

तळलेला मार्स बार ही १९९० च्या दशकात स्टोनहेवनच्या चिपीतून पसरलेली गोष्ट. खायचाच असेल तर चौघांत एक, आणि लगेच.

८. गोड आणि इर्न-ब्रू

टॅबलेट म्हणजे साखर, लोणी, कंडेन्स्ड मिल्क आटवून पाडलेल्या वड्या. छोटा तुकडा, बिनसाखरेच्या चहाबरोबर. क्रॅनाखन रास्पबेरीच्या दिवसांत खा, भाजलेले ओट, क्रीम, मध आणि व्हिस्की, लहान मुलांसाठी व्हिस्की वगळायला सांगा. क्लूटी डंपलिंग कपड्यात बांधून उकडतात, मनुके आणि मसाल्याचं, पण सुएट असते.

इर्न-ब्रू हे इथलं बिनदारूचं फसफसणारं पेय, १९०१ पासूनचं. केशरी, गोड, नक्की कशाची चव ते सांगता येत नाही. बर्फासारखं गार प्या. २०१८ मध्ये साखर कमी करून कृत्रिम गोडी वाढवली, जुनी चव हवी असेल तर '१९०१' लिहिलेली बाटली शोधा.

९. धुराची व्हिस्की

प्यायचं बंधन अजिबात नाही, नाही म्हटलं की कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. प्यायची असेल तर आयला बेटावरच्या व्हिस्कीपासून सुरुवात करू नका. तिथे जव वाळवताना पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती जाळतात, तो धूर दाण्यात बसतो आणि लाफ्रॉइग, आर्डबेगला दवाखान्यासारखा आयोडीनचा वास येतो. आधी ग्लासगोजवळची ऑकनटॉशन किंवा स्पेसाइडची ग्लेनलिव्हेट, मग ऑर्कनीची हायलँड पार्क ज्यात धूर हलका आहे, मग आयला. पबमध्ये माप २५ किंवा ३५ मिली. थोडं पाणी घाला, वास उघडतो, पाणी घातलं म्हणून इथे कुणी कमी लेखत नाही.

गाडी चालवणार असाल तर एक घोटही नको. डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे, १०० मिली रक्तात ५० मिलीग्राम, तिकडे ८०. डिस्टिलरीत गेलात तर चालकाला त्याचा वाटा छोट्या बाटलीत घरी न्यायला देतात, मागून घ्या.

१०. जानेवारीपर्यंत तयार राहा

२५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सचा वाढदिवस, त्याचा जन्म १७५९ चा. त्या सुमारास सगळीकडे बर्न्स सपर असतात, विद्यापीठांच्या सोसायट्या, चर्च, ऑफिसं. बॅगपाइप वाजवत हॅगिस आणतात, सगळे उभे राहतात, कुणीतरी त्यावरची बर्न्सची कविता म्हणतं आणि एका ओळीवर सुरी खुपसतं. तिकीट काढताना शाकाहारी ताट आधी कळवा, ऐनवेळी मोजकीच असतात. बीफचं विचारायचं तेही तेव्हाच ईमेलने. सप्टेंबरला आलात तर मधले चार महिने पुरतात: ऑक्टोबर ओटचा, नोव्हेंबर माशांचा, डिसेंबरात पकोडा आणि बॉनबॉन. आणि कविता चालू असताना खायला सुरुवात करायची नाही, हॅगिस कापून व्हिस्कीचा ग्लास उंचावेपर्यंत थांबायचं, ग्लासात इर्न-ब्रू असलं तरी चालतं.